गप्पांचं दप्तर: बोललेलं इतिहासात कसं उरतं?

पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्यांना एक प्रश्न तोंडपाठ असतो: प्राथमिक साधनं म्हणजे काय? उत्तरही तयार असतं. शिलालेख, ताम्रपट, नाणी, पत्रं, रोजनिशा, सरकारी कागद. एवढं लिहिलं की गुण मिळतात आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पण या यादीतल्या कितीतरी कागदांच्या मागे एक गोष्ट असते, जी यादीत कधीच येत नाही. ती म्हणजे गप्पा.

कुणीतरी कुणाशी तरी बोललं, वाद घातला, शंका काढली, ऐकीव बातमी सांगितली, आणि मग कधीतरी त्यातलं थोडंसं कागदावर उतरलं. आपल्या हातात येतो तो कागद. बोलणं हवेत विरून गेलेलं असतं. आजच्या पोस्टचा विषय हाच आहे. मित्रमंडळी धर्मावर, राजकारणावर, कवितेवर, प्रवासावर सहज बोलतात, ते इतिहासात कसं उरतं? कुणामुळे उरतं? आणि उरलेल्या भागावर आपण किती विश्वास ठेवायचा?

मी विज्ञान शाखेचा. आमच्याकडे प्रयोगवहीत काय लिहायचं याचे नियम असतात: तारीख, तापमान, मात्रा, निरीक्षण. शेजारच्या टेबलावरचा मित्र काय म्हणाला, हे त्या वहीत नसतं. पण कुठल्याही प्रयोगशाळेत विचारून बघा, प्रयोगाची कल्पना नेमकी कुठे सुचली? बरेच जण चहाच्या टपरीचं नाव घेतील. म्हणजे वही प्रामाणिक असली तरी अपुरी असते. इतिहासाच्या कागदांचंही तसंच आहे.

शिरवळ: बोलकं गाव, मुके दगड

शिरवळ तुम्ही पुण्याहून साताऱ्याला जाताना पाहिलं असेल. नीरा ओलांडली की पुणे जिल्हा संपतो आणि साताऱ्याचा खंडाळा तालुका सुरू होतो. महामार्ग, एमआयडीसी, क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, आणि रस्त्याकडेला चहाच्या टपऱ्या. संध्याकाळी शिफ्ट सुटली की टपरीवर एका बाकड्यावर कंपनीतला कामगार, गावातला शेतकरी आणि हॉस्टेलचा विद्यार्थी बसलेले दिसतात. खंबाटकी घाटातल्या ट्रॅफिकपासून सुरू झालेलं बोलणं पाच मिनिटांत आरक्षणावर जातं, तिथून गावच्या जत्रेवर, तिथून नव्या सिनेमावर. अध्यक्ष नाही, विषयपत्रिका नाही, इतिवृत्त तर नाहीच.

हे आजचं नाही. शिरवळजवळच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. गावात जुनी दगडी पाणपोई आहे. शिवकाळाच्या सुरुवातीच्या लढाईत ज्याचं नाव येतं तो सुभानमंगळही इथलाच. नदीचा उतार, घाटाची वाट आणि मुक्कामाची जागा असं तिन्ही एकत्र आलं की माणसं थांबतात, आणि थांबली की बोलतात. भिक्षू आणि वाटसरू, बैलवाले आणि शिपाई इथे शतकानुशतकं बोलले असणार. त्यातलं एक वाक्यही आज आपल्या हाती नाही. पाणपोईचा दगड पाणी प्यायलेल्यांची साक्ष देतो, त्यांच्या बोलण्याची नाही.

म्हणून संशोधकाची पहिली शिकवण अशी: जिथे भरपूर बोललं गेलं तिथे भरपूर पुरावा असेल, असं समजू नका. बोलणं उरायचं असेल तर तिथे लिहिणारं कुणीतरी असावं लागतं. आणि शिरवळच्या अगदी जवळ, याच खंडाळा तालुक्यात, असं एक माणूस होतं.

नायगाव, ऑक्टोबर १८५६

नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचं जन्मगाव. जन्म ३ जानेवारी १८३१. लग्नानंतर त्या पुण्याला गेल्या, शिकल्या, शिक्षिका झाल्या. १८५६ साली आजारपणामुळे त्या माहेरी येऊन राहिल्या होत्या. तिथून १० ऑक्टोबर १८५६ रोजी त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. त्यांची तीन पत्रं आज उपलब्ध आहेत: १८५६चं, १८६८चं आणि १८७७चं. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' या ग्रंथात ती वाचायला मिळतात. मूळ पत्र तुम्ही स्वतः वाचाच. इथे मी फक्त त्याचा आशय सांगतो.

पत्रात काय आहे? घरातलं बोलणं. भावानं आजारपणात मनापासून सेवा केली, हे त्या आधी लिहितात. मग सांगतात की हाच भाऊ एकदा बोलता बोलता म्हणाला, तुम्हा नवरा-बायकोला वाळीत टाकलं ते बरोबरच झालं, महार-मांगांसाठी तुम्ही जे करता ते कुळाला बट्टा लावणारं आहे, जातीच्या रूढीप्रमाणे वागा. आई तिथेच होती, तिला ते ऐकून वाईट वाटलं. सावित्रीबाईंनी उत्तर दिलं. तुम्ही गाई-शेळ्यांना कुरवाळता, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजता, मग माणसासारख्या माणसाला अस्पृश्य का मानता, असा त्यांचा प्रश्न होता. पुण्यात शाळेचं काम एकट्या फातिमावर पडलं असेल, तिला त्रास होत असेल पण ती कुरकुर करणार नाही, हेही याच पत्रात येतं.

आता जरा थांबा आणि संशोधक म्हणून या पत्राकडे बघा. विषय कोणते आहेत? धर्म, जात, रूढी, शिक्षण. प्रसंग कुठला आहे? ना सभा, ना व्याख्यान. आजारी बहीण, काळजी घेणारा भाऊ आणि ऐकणारी आई. प्रेम आहे आणि टोकाचा मतभेदही आहे. अशा घरगुती बोलण्यात समाजसुधारणेचा इतिहास जितका उघडा दिसतो तितका ठरावांत दिसत नाही. ठरावात भूमिका असते. भावाशी बोलताना ती भूमिका जगायला काय मोजावं लागतं ते कळतं.

पण याच पत्राला चार प्रश्नही विचारा. बोललं कोण? भाऊ आणि बहीण. ऐकलं कुणी? आईनं. लिहिलं कुणी? बहिणीनं. वाचणारा कोण? तिच्याच मताचा नवरा. भावाचं म्हणणं आपल्याला फक्त बहिणीच्या लेखणीतून कळतं. आणि ज्यांच्याबद्दल हा सगळा वाद चालला होता, ते महार-मांग त्या ओसरीवर नव्हतेच. असे प्रश्न विचारल्यानं पत्राची किंमत कमी होत नाही. उलट त्यातून नेमकं काय सिद्ध होतं आणि काय होत नाही, ते स्पष्ट होतं.

२९ ऑगस्ट १८६८चं पत्रही नायगावचंच. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महार मुलगी यांचं प्रेम गावाला कळलं. गावकरी त्या दोघांना मारत-मिरवत घेऊन निघाले होते. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रजी कायद्याचा धाक दाखवला आणि दोघांचे जीव वाचवले. गावातली कुजबूज जमावापर्यंत कशी पोहोचते, हे या पत्रातून दिसतं. पारावरच्या गप्पांबद्दल आपण फार गोड बोलतो. पार कधी कधी न्यायासन होतं आणि शिक्षाही सुनावतो, हे विसरू नका.

लिहिलं की धोका

याच काळात मुंबईत काही मित्र बंद दाराआड भेटत होते. १८४९ साली स्थापन झालेली परमहंस सभा. दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिचे प्रमुख प्रवर्तक. होय, ज्यांचं मराठी व्याकरण तुम्हाला ऐकून माहीत आहे तेच दादोबा. राम बाळकृष्ण जयकर हे सभेतलं दुसरं मोठं नाव. नव्यानं शिकलेली ही तरुण मंडळी जमायची, एक ईश्वर आणि सगळी माणसं सारखी असं मानायची, आणि सगळ्या जातींच्या लोकांनी एकत्र बसून खायची. सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसानं केलेला पाव खावा लागे.

आज तुम्ही वडापाव खाताना पावाचा विचारही करत नाही. १८५० साली मात्र तो पाव खाल्ला हे घरी कळलं तर वाळीत टाकलं जायचं, प्रायश्चित्त घ्यावं लागायचं, मुलांची लग्नं अडायची. म्हणून सगळं गुप्त. समाज तयार झाला, पुरेशी माणसं जमली की उघड व्हायचं, असा बेत होता.

पण गुप्त सभेलाही नावांची नोंद ठेवावी लागते. १८६० साली सभेचे कागद चोरीला गेले आणि सभासदांची नावं बाहेर फुटली. सभा तिथेच मोडली. जे लोक बंद खोलीत निर्धास्तपणे बोलत होते, ते एका यादीमुळे गप्प झाले. पुढे १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. त्यात दादोबांचे धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग पुढे होते. जुन्या खोलीतले काही विचार आता उघड्या दारानं बाहेर आले, पण बरेच मवाळ होऊन.

संशोधकाच्या दृष्टीनं ही गोष्ट दुहेरी अडचणीची आहे. गुप्ततेमुळे सभेतल्या चर्चांची सविस्तर नोंद नाही. जी माहिती मिळते ती बरीचशी बाहेरून किंवा नंतर लिहिलेली. उदाहरणार्थ बाबा पदमनजी. ते आधी या मंडळींत होते, १८५४ साली ख्रिस्ती झाले आणि पुढे 'अरुणोदय' हे आत्मचरित्र लिहिलं. ते वाचताना लक्षात ठेवायला हवं की लिहिणारा त्या खोलीतून उठून दुसऱ्या घरात गेलेला आहे. त्याची आठवण खोटी आहे असं नाही, पण ती नव्या घराच्या खिडकीतून दिसलेली आहे.

असाच प्रश्न आपल्या जिल्ह्याच्या विसाव्या शतकातही येतो. १९४३ नंतर साताऱ्यात नाना पाटील आणि सहकाऱ्यांचं प्रतिसरकार उभं राहिलं. भूमिगत चळवळीत कागद सापडणं म्हणजे माणूस सापडणं. त्यामुळे निरोप तोंडी, बैठका रानात, नोंदी कमीत कमी. तो इतिहास लिहिणाऱ्यांना ब्रिटिश पोलिसांच्या कागदांकडे आणि कार्यकर्त्यांच्या नंतरच्या आठवणींकडे जावं लागलं. एकीकडे पकडायला निघालेल्याची नोंद, दुसरीकडे वीस-तीस वर्षांनी सांगितलेली आठवण. दोन्हींमध्ये खोट शोधायची आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचायची, हे आपलं काम.

ऐकलेलं आणि घडलेलं

प्रवासातल्या गप्पांचं मराठीतलं सर्वात मोठं दप्तर कुठलं, असं विचाराल तर मी विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'चं नाव घेईन. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक. घरावर कर्ज होतं. उत्तरेत बायजाबाई शिंदे यज्ञ करणार आहेत, तिथे दक्षिणा मिळेल, म्हणून १८५७ साली ते काकांबरोबर निघाले. वाटेत महूच्या सुमारास शिपाई भेटले आणि बंड होणार असल्याचं कळलं. ते परत फिरले नाहीत. पुढे झाशीच्या वेढ्यात सापडले आणि जीव वाचवून घरी आले.

ही हकीकत ते वर्षानुवर्षं लोकांना सांगत होते. ती कागदावर आली ती चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहामुळे. वैद्यांनी लिहायला सांगितलं, १८८३च्या सुमारास गोडसेंनी मोडीत लिहून काढलं. पुस्तक छापलं गेलं १९०७ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर. छापताना वैद्यांनी भाषेवर आणि मजकुरावर हात फिरवला होता. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आलं आणि त्यावरून १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी मूळ संहिता प्रसिद्ध केली. म्हणजे एकाच हकिकतीचे किती थर झाले बघा: १८५७-५८मध्ये पाहिलेलं, पंचवीस वर्षं तोंडी सांगितलेलं, मग लिहिलेलं, मग संपादकानं बदललेलं, मग मुळावरून पुन्हा छापलेलं. संदर्भ देताना नुसतं 'गोडसे' लिहून भागत नाही. कुठली आवृत्ती ते सांगावंच लागतं.

आता यातली खरी मेजवानी. शिपायांच्या तोंडून गोडसेंनी एक बातमी ऐकली: इंग्रजांनी कलकत्त्याला संस्थानिकांना बोलावून धर्मरिवाज बदलणारी ८४ कलमांची यादी पुढे ठेवली. अशी यादी सरकारी कागदांत शोधायला गेलात तर वेळ वाया जाईल. मग ही नोंद निरुपयोगी का? मुळीच नाही. यादी होती हे यातून सिद्ध होत नाही. पण शिपायांमध्ये अशी बातमी फिरत होती आणि तिच्यावर विश्वास ठेवला जात होता, याचा हा पुरावा आहे. लोक का पेटले हे समजून घ्यायला यादी खरी असण्याची गरज नाही. ती खरी वाटत होती, हे पुरेसं आहे.

हा फरक वहीत ठळक लिहून ठेवा. गप्पेतलं विधान आणि गप्पा झाल्याची घटना, हे दोन वेगवेगळे पुरावे आहेत. पहिला खोटा असला तरी दुसरा खरा असू शकतो. आजच्या व्हॉट्सअॅप फॉरवर्डवर काम करायचं असेल तर हीच कसोटी लागते.

रचलेली गप्पा

काही वेळा गप्पा झालेलीच नसते, लेखकानं ती रचलेली असते. जोतीराव फुले यांचं 'गुलामगिरी' १८७३ साली आलं. सबंध पुस्तक धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादात आहे. धोंडीबा शंका काढतो, जोतीराव उत्तर देतात. कुठेतरी ओट्यावर बसून दोन मित्र पुराणांतल्या अवतारांवर बोलत आहेत असा थाट आहे.

हे झालेल्या बोलण्याचं टिपण म्हणून वाचू नका. पण हा साचा का निवडला ते जरूर विचारा. ज्या वाचकांसाठी जोतीराव लिहीत होते, त्यातल्या बहुतेकांना पुस्तक कुणीतरी वाचून दाखवणार होतं. दोघांचं बोलणं मोठ्यानं वाचलं की ऐकणाऱ्याला आपण तिसरे बसलो आहोत असं वाटतं. पुराणावर शंका घ्यायला जो घाबरतो, त्याच्या वतीनं धोंडीबा ती शंका विचारतो. म्हणजे गप्पांची पद्धत इथे विचार पोचवण्याचं साधन झाली आहे.

चहा, कविता आणि कंपू

१९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ सुरू झालं. दर रविवारी चहाला जमायचं आणि कविता वाचायच्या, म्हणून त्याला 'संडे टी क्लब' असंही म्हणत. माधव जूलियन, श्री. बा. रानडे, मनोरमा रानडे अशी मंडळी. त्यातले दोघे आपल्याच भागातले: यशवंत चाफळचे आणि गिरीश साताऱ्याचे. या मित्रांनी एकमेकांच्या कविता ऐकल्या, छापल्या आणि गावोगाव लोकांसमोर म्हणून दाखवल्या. कविता ही मोठ्यानं ऐकण्याची गोष्ट आहे ही सवय मराठी श्रोत्याला लावण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

पण मित्रांचं वर्तुळ फार गोल झालं की बाहेरचे हसतात. १९२५ साली आचार्य अत्र्यांचा 'झेंडूची फुले' हा विडंबनसंग्रह आला आणि त्यात या मंडळींची यथेच्छ टिंगल होती. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा. मित्र आत बसून काय म्हणत होते आणि बाहेरच्याला ते कसं ऐकू येत होतं, दोन्ही कळतं. आपल्या अभ्यासगटालाही एखादा अत्रे लागतो. सगळे एकमेकांना 'वा, वा' म्हणू लागले की समजा, संशोधन संपलं.

गप्पांना शिस्त लावायचं उदाहरण पुण्यातच आहे. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली काढला, तो वाईत मिळालेल्या कागदांवरून. वाई म्हणजे खंबाटकी घाटापलीकडचं गाव. पुढे ७ जुलै १९१० रोजी त्यांनी आणि खंडेराव मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. मंडळात पाक्षिक सभा भरत. कुणाला एखादं जुनं पत्र सापडलं, एखादा लेख वाचता आला, की त्यानं तो चार जणांपुढे मांडायचा. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. मग टिपण छापायचं. सापडलेलं, सांगितलेलं, तपासलेलं, छापलेलं. गप्पा आणि शोधनिबंध यांच्यातला पूल तो हाच.

संगमरवरी टेबल आणि एक वही

शेवटचं उदाहरण माझ्या शाखेच्या जवळचं, आणि बरंच दूरच्या गावचं. आज युक्रेनमध्ये असलेलं ल्विव्ह शहर १९३०च्या दशकात पोलंडमध्ये होतं. तिथल्या स्कॉटिश कॅफेत गणिती जमायचे: स्टेफान बानाख, स्टॅनिस्लाव मझूर, स्टॅनिस्लाव उलाम आणि इतर. तासन्‌तास गप्पा चालायच्या आणि सुचलेलं गणित ते टेबलाच्या संगमरवरावर पेन्सिलीनं लिहायचे. रात्री टेबल पुसलं की गणित गेलं.

१९३५ साली बानाख यांच्या पत्नीनं एक जाड वही आणून दिली. ती कॅफेतच ठेवलेली असे. कुणी मागितली की वेटर आणून द्यायचा. एका बाजूला प्रश्न लिहायचा, समोरची जागा उत्तरासाठी मोकळी सोडायची. कधी बक्षीसही जाहीर व्हायचं: कॉफी, बिअर, आणि १९३६ साली मझूरनं एका प्रश्नासाठी जिवंत बदक-हंस. मग युद्ध आलं. मंडळी पांगली, कितीतरी मारले गेले, बानाख १९४५ साली वारले. वही मात्र वाचली. पुढे तिची प्रत उलामपर्यंत अमेरिकेत पोचली आणि त्यांनी तिचं भाषांतर केलं. मझूरचा प्रश्न पेर एन्फ्लो या स्वीडिश गणितीनं १९७२ साली सोडवला आणि वॉर्सात जाऊन तो पक्षी खरोखर घेतला.

परमहंस सभेची यादी आणि स्कॉटिश कॅफेची वही शेजारी ठेवा. दोन्ही मित्रांच्या बैठकीतल्या नोंदी. एकीनं बैठक मोडली, दुसरीनं बैठक मोडल्यानंतरही विचार जिवंत ठेवला. फरक कशात आहे? यादीत माणसं लिहिली होती, वहीत प्रश्न लिहिले होते. अर्थात वहीतही नावं होती, पण गणिताच्या प्रश्नापुढे नाव लागल्यानं कुणी वाळीत पडत नव्हतं. काय नोंदवलं आणि ते फुटलं तर कुणाचं काय बिघडेल, यावर सगळं अवलंबून आहे.

मग तुम्ही काय करायचं?

आता तुमच्यापुरतं. गप्पांशी तुमचा संबंध दोन प्रकारे येणार: साधन म्हणून आणि सवय म्हणून.

साधन म्हणून. मुलाखत, आत्मचरित्र, पत्र, रोजनिशी, काहीही हातात आलं की सहा प्रश्न विचारा. बोललं कोण? ऐकलं कुणी? लिहिलं कुणी? किती काळानं? कुणासाठी? आणि ज्यांच्याबद्दल बोललं गेलं ते तिथे होते का? शेवटचा प्रश्न सर्वात जास्त विसरला जातो. सातारा-सांगलीतल्या पारांवर, चावड्यांवर, सभांत बायका आणि दलित कितीदा बसू शकत होते? रविकिरण मंडळात मनोरमा रानडे होत्या, म्हणून त्यांचं नाव आपल्याला माहीत आहे. ज्या बायका त्याच काळात दुसऱ्या कुणाच्या बैठकीला आतून चहा पाठवत होत्या, त्यांची मतं कुठल्या कागदात शोधाल? नहाण, दळण, पाणवठा, ओव्या. बोलणं तिथेही होतं, फक्त दप्तर वेगळं आहे.

सवय म्हणून. मित्रांशी बोलून आल्यावर त्याच रात्री पाच ओळी लिहा. तारीख टाका. कल्पना कुणाची होती त्याचं श्रेय तिथेच नोंदवा, नाहीतर सहा महिन्यांनी ती तुम्हाला तुमचीच वाटू लागेल. प्रश्न लिहा आणि समोरचं पान उत्तरासाठी मोकळं सोडा. आणि मुद्दा शोधनिबंधात गेला तर आभारात त्या मित्राचं नाव टाका. चार शब्दांत भागतं.

पण एक मर्यादा पाळा. टपरीवर शेजारी बसलेला माणूस तुमचा 'प्रतिसादक' नसतो. तो जातीबद्दल, मालकाबद्दल, पक्षाबद्दल बोलला ते मित्र समजून बोलला. ते तुम्हाला अभ्यासात वापरायचं असेल तर त्याला सांगा, परवानगी घ्या, नाव-गाव ओळखू येणार नाही अशी काळजी घ्या. न सांगता मोबाईलवर रेकॉर्डिंग तर अजिबात नको. संमतिपत्र हा संस्थेच्या समितीसाठी भरायचा कागद आहे असं पुष्कळांना वाटतं. १८६० साली मुंबईत ज्यांची नावं फुटली, त्यांना विचारलं असतं तर त्यांनी त्या कागदाचा खरा अर्थ सांगितला असता.

सरावासाठी एक काम देतो. सावित्रीबाईंचं १८५६चं पत्र मिळवा. ते चार-पाच मित्रमैत्रिणींनी मिळून मोठ्यानं वाचा. वरचे सहा प्रश्न एकेकानं घ्या आणि तासभर वाद घाला. मग प्रत्येकानं स्वतंत्रपणे एक पान टिपण लिहा, एकमेकांचं न बघता. दुसऱ्या दिवशी टिपणं शेजारी ठेवा. एकाच खोलीत, एकाच तासात, एकाच पत्रावर बोललेल्या पाच जणांनी पाच वेगळ्या गोष्टी नोंदवलेल्या दिसतील. कुणी कुणाचं वाक्य दुसऱ्याच्या नावावर टाकलेलं असेल, कुणी आपला मुद्दा लांबवलेला असेल, एखाद्यानं वाद झालाच नाही असं लिहिलेलं असेल.

ही टिपणं फाडू नका, जपून ठेवा. पुढे एखाद्या दफ्तरखान्यात कुणा पुढाऱ्याच्या बैठकीचं एकमेव इतिवृत्त तुमच्या हातात येईल, तेव्हा त्या खोलीत असलेल्या, पण काहीच न लिहिलेल्या बाकीच्या माणसांची आठवण ठेवायला ती उपयोगी पडतील.

पुढच्या पोस्टमध्ये मोडी कागद वाचायला सुरुवात कशी करायची ते बघू. तोपर्यंत बोलत राहा, आणि लिहीतही.